२५ गुणांचा करार: ऑफेन्सच्या कोचला मार्क कसे द्यायचे?

मंडळी, नमस्कार. ऐन सीझनमध्ये, तेही शनिवारी, मंडळाने अमेरिकन फुटबॉलवर व्याख्यान ठेवलं आणि तरी एवढ्या खुर्च्या भरल्या. म्हणजे एक तर तुमची टीम या आठवड्यात 'बाय'वर, म्हणजे सुट्टीवर, आहे, नाहीतर पहिल्या हाफमध्येच निकाल लागलाय. (हशा) मागच्या रांगेतल्यांनी फोनवर स्कोअर बघायला हरकत नाही, फक्त आवाज बंद ठेवा.

पत्रिकेत विषय छापलाय तो असा: कॉलेज फुटबॉलमधल्या ऑफेन्सच्या कोचचं मूल्यमापन. ऑफेन्स म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे ती बाजू; तिचे प्ले ठरवणारा कोऑर्डिनेटर आणि त्याच्या हाताखालचे लाइन (पुढची अडवणारी फळी), क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा), रिसीव्हर (झेलणारा), टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) आणि रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) यांचे कोच. प्रत्येकाला मार्क कसे द्यायचे याचा एक तक्ता आज तुम्हाला द्यायचाय. तक्त्याकडे येतोच. इथे बसलेल्या बऱ्याच जणांची पोरं बिग टेन या गटातल्या (कॉन्फरन्समधल्या) कॉलेजांत शिकतात किंवा शिकून बाहेर पडली, तेव्हा डाऊन म्हणजे काय आणि चेन कधी हलते हे सांगत बसत नाही; चार डाऊनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड काढले की पुन्हा फर्स्ट डाऊन, एवढं ध्यानात असलं की झालं.

तसं हे मूल्यमापन आपण दर शनिवारी करतोच. थर्ड अँड नाइन, म्हणजे तिसरा डाऊन आणि नऊ यार्ड हवेत. कोऑर्डिनेटर ड्रॉ प्ले (पासचं सोंग करून धाव) देतो, तीन यार्ड मिळतात, पंट, म्हणजे चेंडू लाथाडून समोरच्याला. लगेच सोफ्यावरून निवाडा: काढा त्याला! तोच ड्रॉ अकरा यार्ड गेला की 'काय डोकं लावलंय!' प्ले तोच, कोच तोच. फरक पडला तो लाइनमधल्या राइट गार्डने डिफेन्सच्या लाइनबॅकरपर्यंत पोचून ब्लॉक लावला की नाही, यात. मग त्या तीन यार्डांचं खापर कोणाच्या डोक्यावर? कॉल देणाऱ्याच्या, गार्डच्या, की ऑगस्टच्या कॅम्पमध्ये तो ब्लॉक गार्डकडून घोटून न घेणाऱ्या लाइन कोचच्या? आजचा प्रश्न एवढाच आहे. आणि त्याचं उत्तर 'सामन्यामागे किती गुण' या आकड्यातून कधीच मिळत नाही, हे माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं पटवायला आयोवा विद्यापीठाच्या टीमइतकं चांगलं उदाहरण नाही. कोणी हॉकाय, म्हणजे आयोवाचे पाठीराखे, बसले असतील तर आधीच माफी मागतो.

कर्क फेरेंट्झ १९९९ पासून आयोवाचे हेड कोच. मुलगा ब्रायन २०१७ ते २०२३ ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर. घराणेशाही आपल्याला काही नवी नाही, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवत नाही. गंमत पुढेच आहे. वडिलांना मुलाचा साहेब होता येत नाही, असा नियम. म्हणून कागदोपत्री ब्रायनचे साहेब होते अॅथलेटिक डायरेक्टर गॅरी बार्टा. म्हणजे रोज सरावाच्या मैदानावर जो काम बघतो त्याने मार्क द्यायचे नाहीत, आणि ज्याच्याकडे झाडून सगळ्या खेळांचा कारभार आहे त्याने द्यायचे. लांबून बघणारा साहेब मूल्यमापन करायला बसला की त्याला लांबून दिसेल असा एक आकडा लागतो. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना हे वेगळं समजवायला नको.

आणि २०२२ मध्ये आकडे दिसत होते तेही असे, की लपवणार कुठे? सामन्यामागे १७.७ गुण. सामन्यामागे २५१.६ यार्ड, देशातल्या १३१ टीममध्ये १३० वा क्रमांक. त्या सीझनचा पहिलाच सामना, ३ सप्टेंबर, साउथ डकोटा स्टेटशी. आयोवा जिंकलं, ७-३. सात म्हटल्यावर तुम्ही टचडाऊन आणि किक (सहा आणि एक) धरली असणार. टचडाऊन झालंच नव्हतं! एक फील्ड गोल, तीन. आणि डिफेन्सने मिळवलेल्या दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोलक्षेत्रात पाडणं), दोन आणि दोन. असे सात. स्कोअरबोर्डकडे नुसतं बघून हे कळायची सोय नाही. सीझनचा शेवटचा सामना, म्युझिक सिटी बोल (बोल म्हणजे सीझनअखेरचा खास सामना), ३१ डिसेंबर, केंटकीविरुद्ध २१-०. कागदावर दणदणीत विजय, पण त्यातली दोन टचडाऊन डिफेन्सने समोरच्याचा पास पकडून (इंटरसेप्शन) परत पळवून केलेली. म्हणजे ऑफेन्सच्या वाट्याचे राहिले सात.

यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये औषध निघालं. ब्रायनचा पगार नऊ लाख डॉलरवरून साडेआठ लाखांवर आणला आणि करारात दोन अटी घातल्या: सामन्यामागे सरासरी किमान २५ गुण आणि किमान सात विजय. बोल धरून तेरा सामने, म्हणजे ३२५ गुण. दर आठवड्याला '३२५ पैकी किती झाले' याचा जाहीर हिशेब सुरू झाला. एवढ्या वर्षांत कुठल्या कोऑर्डिनेटरच्या पगाराची लोकांनी इतकी काळजी वाहिली नसेल.

आता या कराराची चिरफाड. मला त्यातला प्रत्येक शब्द खुपतो.

पहिलं, गुण कोणाचे? करारात टीमचे सगळे गुण धरले होते. डिफेन्सने पिक-सिक्स, म्हणजे इंटरसेप्शनवरून टचडाऊन, केला, ब्रायनच्या खात्यात. पंट परत पळवून टचडाऊन, ब्रायनच्या खात्यात. सेफ्टी, तीही ब्रायनच्याच खात्यात. बॅटिंग कोचची पगारवाढ ठरवताना समोरच्यांनी टाकलेले वाइड आणि नो-बॉल धरण्यातला हा प्रकार. बरं, उलट बाजूही आहे. डिफेन्सने टचडाऊन केलं की लगेच किकऑफ, चेंडू परत समोरच्याकडे. ऑफेन्सला त्या खेपेला मैदानात उतरायलाच मिळत नाही. म्हणजे फुकटचे सातही मिळाले आणि एक संधीही गेली, आणि दोन्हींची एकाच रकान्यात सरमिसळ.

दुसरं, भागाकार कशाने? सामन्याने. सामना ही काही ठरावीक मापाची वस्तू नाही. घाई करणाऱ्या टीमच्या सामन्यात एकेका बाजूला चौदा-पंधरा ड्राइव्ह, म्हणजे चेंडू ताब्यात असण्याच्या खेपा, होतात. ट्रिपल ऑप्शन, म्हणजे बहुतेक धावण्याचाच खेळ, खेळणाऱ्या आर्मी-नेव्हीच्या सामन्यात आठ-नऊ. एकाने चौदा ड्राइव्हमध्ये ३० गुण केले, दुसऱ्याने नऊमध्ये २४. पहिला ड्राइव्हमागे २.१ आणि दुसरा २.७. करारानुसार पहिला पास, दुसरा नापास! त्यात २०२३ पासून नियम बदलला. फर्स्ट डाऊन मिळाल्यावर आधी घड्याळ थांबायचं. आता हाफची शेवटची दोन मिनिटं सोडली तर ते चालूच राहतं. सामन्यातले प्ले कमी झाले. २५ हा आकडा जुन्या घड्याळावर बेतलेला आणि परीक्षा नव्या घड्याळावर.

तिसरं, चेंडू कुठून मिळाला? आयोवाचा तेव्हाचा पंटर टोरी टेलर. २०२३ चा रे गाय पुरस्कार (सर्वोत्तम पंटरचा) त्याला मिळाला, तो ४,४७९ यार्डांचा विक्रम करून. आता पंटरला एवढे यार्ड का मिळाले यावर विचार केला तर ऑफेन्सबद्दल वेगळं काही बोलायची गरज नाही. (हशा) पण त्या पंटमुळे समोरच्याला स्वतःच्या गोललाइनपाशी अडकवायचं, डिफेन्सने तीन प्लेत रोखायचं, आणि आपल्याला चेंडू मैदानाच्या मध्यावर मिळवायचा, ही आयोवाची रीतच. अशा जागेवरून दोन फर्स्ट डाऊन काढून फील्ड गोल मारला तर बोर्डावर तीन चढतात. त्यातले किती पंटरचे, किती डिफेन्सचे, किती ऑफेन्सचे? त्याकडे येतो.

चौथं, समोर कोण? २०२३ मध्ये वेस्टर्न मिशिगनविरुद्ध ४१ आणि पुढच्याच आठवड्यात पेन स्टेटविरुद्ध शून्य. पेन स्टेटच्या सामन्यात आयोवाला सगळे मिळून ३३ प्ले मिळाले आणि ७६ यार्ड. करारात दोन्ही सामन्यांचं वजन एकच.

आणि पाचवं, सगळ्यात वाईट. या अटीने कोचचं हित आणि टीमचं हित यांत भांडण लावलं. चौथ्या क्वार्टरमध्ये २४ नी पुढे असताना शहाणा कोच चेंडू जमिनीवर ठेवतो, घड्याळ पळवतो, पोरांना दुखापतीपासून वाचवतो. इथे कोचचा पगार सांगतो, आणखी सात घे. आणि शेवटी थांबायचं की मारायचं हे ठरवणार कोण? हेड कोच. म्हणजे वडील!

प्रत्यक्षात काय झालं? ३० सप्टेंबरला, मिशिगन स्टेटच्या सामन्यात, क्वार्टरबॅक केड मॅकनमाराचा गुडघा गेला. ल्यूक लाची आणि एरिक ऑल हे दोन मुख्य टाइट एंडही एकामागून एक बाहेर. आयोवाचा ऑफेन्स टाइट एंडवर उभा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. आठ सामन्यांत १५६ गुण झाले, सरासरी १९.५. टीम मात्र सहा जिंकून दोन हरलेली. बार्टा ऑगस्टमध्येच निवृत्त झाले होते. ३० ऑक्टोबरला हंगामी डायरेक्टर बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं, ब्रायनचा हा शेवटचा सीझन. त्यानंतरच्या सहा सामन्यांत गुण झाले ६०. सरासरी बरोबर दहा. आणि त्या सहांपैकी चार सामने आयोवाने जिंकले! १०-७, २२-०, १५-१३, १३-१०. मग कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मिशिगनकडून २६-० आणि सिट्रस बोलमध्ये टेनेसीकडून ३५-०. एकूण २१६ गुण, चौदा सामने, सरासरी १५.४. विजय दहा. डिफेन्सचे कोऑर्डिनेटर फिल पार्कर यांना त्या वर्षीचा ब्रॉयल्स पुरस्कार, म्हणजे देशातला सर्वोत्तम असिस्टंट कोच. सात विजयांची अट ब्रायनसाठी पूर्ण केली ती पार्करसाहेबांनी.

तुम्ही विचाराल, मग काय, काढायला नको होतं? तसं मी म्हणत नाही. सामन्यामागे यार्डांत ते १३३ पैकी १३३ वे होते. कुठल्याही मापाने मोजा, ऑफेन्स वाईटच निघतो. माझी तक्रार वेगळी आहे. चुकीच्या मापाने योगायोगाने बरोबर उत्तर आलं, की पुढच्या वेळी सगळे तेच माप उचलतात. नवे कोऑर्डिनेटर टिम लेस्टर आले. २०२४ मध्ये तेरा सामन्यांत ३६० गुण, सरासरी २७.७. २५ च्या अटीत आरामात पास. विजय? आठ. आदल्या वर्षी दहा होते. आणि त्या ३६० मध्ये केलेब जॉन्सन नावाच्या रनिंग बॅकने एकट्याने धावून १,५३७ यार्ड आणि २१ टचडाऊन केली. त्यातलं किती लेस्टरचं, किती जॉन्सनचं, किती लाइन कोचचं? २७.७ हा आकडा यावर तोंड उघडत नाही.

बरं. मग मोजायचं कशाने? यातला मूळ विचार पन्नासहून अधिक वर्षं जुना आहे, आणि तो मांडला एका खेळणाऱ्या क्वार्टरबॅकने. व्हर्जिल कार्टर, सिनसिनाटी बेंगल्स. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले रॉबर्ट मॅकॉल आणि तो, दोघांनी मिळून १९६९ च्या प्रो मोसमातले आठ हजारांवर प्ले तपासले आणि १९७१ मध्ये निबंध छापला. प्रश्न साधा: अमुक यार्डलाइनवर फर्स्ट अँड टेन मिळाला, तर पुढचे गुण सरासरी किती आणि कोणाचे? उत्तर असं आलं. स्वतःच्या पाच यार्डांवर चेंडू असेल तर उणे सव्वा, म्हणजे चेंडू आपला पण फायदा समोरच्याचा. स्वतःच्या २५ वर जेमतेम पाव गुण. समोरच्याच्या ४५ वर २.४. समोरच्याच्या पाचवर सहा. आजच्या कॉलेज फुटबॉलचे आकडे थोडे वेगळे निघतात, पण चढण तीच.

आता आयोवाचा तो फील्ड गोल घ्या. चेंडू समोरच्याच्या ४५ वर मिळाला, तेव्हाच खात्यात २.४ होते. तीन झाले. ऑफेन्सची स्वतःची कमाई ०.६. तोच फील्ड गोल स्वतःच्या २५ वरून चालत येऊन मारला असता तर कमाई पावणेतीन. बोर्डावर दोन्हीकडे तीनच. सगळा तक्ता या एका वजाबाकीवर उभा आहे, बाकी नुसती बेरीज.

कार्टरवरून जाता जाता. वेळ आहे ना? दोन मिनिटं. बेंगल्सकडे १९६९ मध्ये ग्रेग कुक नावाचा तोफेसारख्या हाताचा क्वार्टरबॅक होता. त्याचा खांदा गेला. आला कार्टर, नेम चांगला, पण चेंडू लांब जात नव्हता. तिथला असिस्टंट कोच होता बिल वॉल्श. त्याने लांब पासचा नाद सोडला आणि मैदानाची ५३ यार्ड रुंदी वापरायला काढली. छोटे, वेळेवर सोडलेले पास, रिसीव्हर पळत असताना हातात. १९७१ मध्ये पूर्ण झालेल्या पासच्या टक्केवारीत कार्टर लीगमध्ये पहिला. पुढे सगळं जग त्याला वेस्ट कोस्ट ऑफेन्स म्हणायला लागलं, पण जन्म ओहायोतला. हे प्रो फुटबॉल झालं, मान्य. पण कोचचं काम बघायचं ते असं. त्याची वही किती जाड आहे ते नको. मिळालेल्या हाताला शोभेल असं त्याने काय केलं, ते बघा. क्वार्टरबॅक पंधरा यार्डांपलीकडे फेकू शकत नाही आणि कोच नोव्हेंबरातही 'गो' रूट (सरळ पळणाऱ्याला लांब पास) देतोय, तर मार्क कापा. मग भले एखादा पूर्ण झालेला असो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. 'बारा मिनिटे. नंतर जेवण.' 'जेवण'खाली दोन रेघा आहेत. (हशा) म्हणजे तक्ता पळत पळत.

तक्त्याआधी एकच सापळा नीट दाखवतो, कारण तो हुकला तर भलत्याच कोचची नोकरी जाते. कॉलेजच्या अधिकृत आकडेवारीत सॅकचे (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडल्याचे) यार्ड धावण्यातून वजा होतात. प्रोमध्ये ते पासमधून होतात, कॉलेजमध्ये धावण्यातून. समजा बॉक्स स्कोअर सांगतो: ३४ वेळा धाव, ८२ यार्ड. सरासरी २.४. लगेच ओरड, लाइनला रन ब्लॉकिंग येत नाही. आता त्यात पाच सॅक आहेत, ३८ यार्डांच्या. त्या काढा. उरल्या २९ धावा, १२० यार्ड. सरासरी ४.१, म्हणजे चांगलीच! आजार रन ब्लॉकिंगचा नव्हताच, पास प्रोटेक्शनचा होता. आणि त्या पाच सॅकही लाइनच्याच, असं धरू नका. फिल्म लावा आणि स्टॉपवॉच घ्या. स्नॅपपासून, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅककडे दिल्यापासून, अडीच सेकंदांच्या आत माणूस आत आला तर लाइनमधल्या टॅकल-गार्डकडे बघा. तीन सेकंदांच्या पुढे गेलं तर एक तर क्वार्टरबॅक चेंडू धरून बसला, नाहीतर रिसीव्हर कोणी उघडाच झाला नाही. मोकळा, कोणीही न अडवलेला माणूस आला तर प्रोटेक्शनचा कॉल चुकला; तो कॉल सेंटर देतो की क्वार्टरबॅक, हे टीमनुसार बदलतं. आणि ब्लिट्झ करणारा (क्वार्टरबॅकवर चालून येणारा) लाइनबॅकर रनिंग बॅकच्या अंगावरून गेला तर ती सॅक रनिंग बॅकच्या कोचच्या रकान्यात. एका आकड्याचे चार कोच.

आता तक्ता. प्ले-बाय-प्ले नोंद फुकट मिळते. स्प्रेडशीटमध्ये आठ रकाने: डाऊन, किती यार्ड हवे, जागा, धाव की पास, मिळालेले यार्ड, स्कोअरचा फरक, घड्याळ, शेरा.

आधी कचरा काढा. गुडघा टेकलेले प्ले, स्पाइक (घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटणं), हाफ संपताना वेळ काढायला घेतलेले ड्राइव्ह, ओव्हरटाइम. ओव्हरटाइम का? तिथे चेंडू फुकटात समोरच्याच्या २५ वर मिळतो. एफसीएसच्या (खालच्या विभागातल्या) टीमशी झालेला सामना बाजूला ठेवा. निकाल लागून गेल्यानंतरचे प्लेही काढा. चौथ्या क्वार्टरमध्ये २१ पेक्षा जास्त फरक, अशी काहीतरी रेघ आधी ठरवा आणि मग आकडे बघा. आकडे बघून रेघ ठरवलीत तर तुम्ही मूल्यमापन करत नाही, वकिली करता.

मग प्रत्येक ड्राइव्हची कमाई: झालेले गुण वजा सुरुवातीच्या जागेची किंमत. त्याची ड्राइव्हमागे सरासरी काढा आणि शेजारी लिहा, त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध इतरांची सरासरी किती. सीझनला साधारण दीडशे ड्राइव्ह होतात. त्यातून कोऑर्डिनेटरबद्दल बोलता येतं. रेड झोनमध्ये (समोरच्याच्या शेवटच्या वीस यार्डांत) टीम चाळीस-पंचेचाळीस वेळाच पोचते. ४५ पैकी २७ टचडाऊन म्हणजे ६० टक्के, ३२ म्हणजे ७१. पाच खेपांचा फरक, आणि त्यातल्या दोन चेंडू हाताला लागून उडाल्याने गेलेल्या असतात. एका सीझनच्या रेड झोनवर कोणाला काढू नका आणि कोणाला डोक्यावरही घेऊ नका.

पुढे सक्सेस रेट, म्हणजे किती टक्के प्ले यशस्वी झाले. फर्स्ट डाऊनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, सेकंडला ७० टक्के, थर्ड आणि फोर्थला पूर्ण. सेकंड अँड एटला सहा मिळाले, यशस्वी. पाच मिळाले, अपयशी. थर्ड अँड टूला दोन मिळाले तरी यश. कोऑर्डिनेटरचा खरा कस लागतो पहिल्या दोन डाऊनवर. थर्ड डाऊनची टक्केवारी बघण्याआधी थर्ड डाऊनला सरासरी किती यार्ड उरतात ते बघा. सात-आठ उरत असतील तर थर्ड डाऊनच्या कॉलवर ओरडणं व्यर्थ आहे, दुखणं आधीच सुरू झालंय.

कोऑर्डिनेटरच्या पानावर आणखी चार गोष्टी. एक, ठरवून आणलेले पहिले पंधरा प्ले आणि त्यानंतरचे, दोन्हींचा सक्सेस रेट वेगळा. पहिला चांगला आणि दुसरा वाईट असेल तर माणूस आठवडाभर अभ्यास करतो, पण सामन्यात समोरच्याने बदल केला की गोंधळतो. दोन, अंदाज येतो का? शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक लाइनपासून मागे उभा असताना) रनिंग बॅक डावीकडे उभा आणि दहापैकी नऊ वेळा धाव उजवीकडे, हे तुम्हाला सोफ्यावरून दिसलं तर समोरच्या डिफेन्सला दिसतंच. फॉर्मेशनप्रमाणे धाव-पास मोजा. तीन, वाया गेलेले टाइमआऊट, डिले ऑफ गेम, लाइनवर सातऐवजी सहा माणसं. हे दंड खेळाडूच्या नावावर लागतात, पण बहुतेक वेळा कॉल उशिरा आलेला असतो. २०२४ पासून मोठ्या कॉलेजांत हेल्मेटमध्ये रेडिओ आलाय आणि प्ले क्लॉकवर पंधरा सेकंद उरले की तो बंद होतो. त्यानंतरही क्वार्टरबॅक साइडलाइनकडे बघतोय, तर समजा. चार, 'उघडा होता का?' हा रकाना. पास चुकला, पण कॉलने रिसीव्हर मोकळा केला होता, तर कोऑर्डिनेटरला पूर्ण मार्क. पास पूर्ण झाला, पण तिघांच्या गराड्यात, तर शून्य. हा रकाना टीव्हीवरून भरता येत नाही. बावीसच्या बावीस माणसं दिसतील अशी फिल्म लागते.

लाइन कोच: सॅक काढून उरलेल्या धावांपैकी किती जागेवरच किंवा मागे अडल्या, आणि अडीच सेकंदांच्या आतलं प्रेशर. त्याला शिक्षा देण्याआधी आरपीओ (रन-पास ऑप्शन) तपासा. आरपीओत लाइन धावेसाठी पुढे सुटते, आणि क्वार्टरबॅक एका लाइनबॅकरकडे बघून धाव द्यायची की पास फेकायचा ते ठरवतो. कॉलेजमध्ये पास सुटताना लाइनमनला तीन यार्डांपर्यंतच पुढे जायची मुभा आहे. चौथ्या यार्डावर सापडला की दंड, आणि पंच नंबर सांगतो तो गार्डचा. गार्डने त्याला शिकवलं तेच केलेलं असतं. उशीर केलेला असतो क्वार्टरबॅकने, वाचनात. म्हणजे तो दंड क्वार्टरबॅक कोचच्या पानावर.

क्वार्टरबॅक कोच: तोच मुलगा, आदल्या वर्षीपेक्षा कसा? पाच पावलं मागे येऊन चेंडू सुटतो की एक उडी जास्त घेतो? बाहेरून तयार क्वार्टरबॅक आणला आणि आकडे वाढले, तर ते श्रेय ज्याने त्याला आणलं त्याचं, शिकवणाऱ्याचं नव्हे. रिसीव्हर कोच: सुटलेले चेंडू, आणि बारा यार्डांवर वळायचं तिथे दहावर वळणं. शिवाय धावेच्या वेळी ब्लॉक. टाइट एंड: दोन्हीकडे अर्धं अर्धं. रनिंग बॅक: ब्लिट्झ अडवणं आणि चेंडू किती वेळा निसटला. निसटला ते मोजा, समोरच्याला मिळाला ते नको; निसटलेल्या चेंडूवर कोण पडतं हा नशिबाचा भाग आहे.

राहिली श्रेयाची वाटणी. एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट: २०१८ मध्ये सामन्यामागे ३२.४ गुण, २०१९ मध्ये ४८.४, पंधरापैकी पंधरा विजय. कोऑर्डिनेटर स्टीव्ह एन्समिंगर दोन्ही वर्षी तेच. नवा आलेला जो ब्रेडी, पासिंगचा. ब्रॉयल्स पुरस्कार ब्रेडीला. पण क्वार्टरबॅक जो बरो दुसऱ्या वर्षात मुरलेला, आणि रिसीव्हर जमार चेस आणि जस्टिन जेफरसन! २०२० मध्ये बरोही गेला, ब्रेडीही गेला, आणि टीम ५-५. दोघं एकदमच गेले, तर कोणामुळे काय ते कोणत्या आकड्याने वेगळं काढणार? नाही निघत. अशा वेळी तक्त्यात 'दोघांचं' असं लिहून मोकळं व्हायचं. बळेच टक्के वाटू नका.

चिठ्ठी दुसरी आली. कोऱ्या तक्त्याच्या प्रती दारापाशी ठेवल्या आहेत. क्वार्टरबॅक मध्येच बदलला तर त्या तारखेला आडवी रेघ मारून नवं पान घ्या. पहिल्या चार सामन्यांचं पान वेगळं ठेवा; कॉन्फरन्सचे सामने सुरू झाले की आकडे उतरतात, तो उतार आधी प्रतिस्पर्ध्यांच्या नावावर लिहायचा आणि उरेल तो कोचच्या. प्रश्न जेवणाच्या रांगेत विचारा.